पेटी एकटी नसते
काँक्रीटला शे-दीडशे वर्षांत तडे जातात, मग त्यात किरणोत्सारी कचरा ठेवायचा कसा, ही शंका रास्त आहे. पण कोणता कचरा, हे आधी पाहू. काँक्रीटच्या पेट्या मुख्यतः कमी आणि मध्यम पातळीच्या कचऱ्यासाठी असतात. त्यातल्या सीझियम-१३७चं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) सुमारे ३० वर्षं, म्हणजे ३०० वर्षांत ते हजारावा हिस्सा उरतं. प्लुटोनियम-२३९चं २४ हजार वर्षं. तिथे काँक्रीटवर विसंबणं वेडेपणाच.

शिवाय पेटी एकटी नसते. स्पेनमधल्या एल काब्रिल या किरणोत्सारी कचऱ्याच्या साठवण केंद्रात कचऱ्याची १८ पिंपं एका काँक्रीटच्या पेटीत ठेवून मधल्या फटी सिमेंटच्या पातळ मिश्रणाने भरतात आणि ती पेटी पुन्हा काँक्रीटच्या कोठीत जाते.

माझ्या मते काँक्रीटचा खरा गुण ताकद नव्हे, अल्कधर्मीपणा. आतल्या पाण्याचा सामू (pH) १२च्या वर असतो. त्यामुळे सळई गंजत नाही आणि बरीच किरणोत्सारी मूलद्रव्यं फारशी विरघळत नाहीत. सीझियम मात्र हट्टी, सिमेंटला जुमानत नाही. म्हणून त्यासाठी मिश्रणात बेंटोनाइट किंवा झिओलाइट ही सीझियम धरून ठेवणारी खनिजं घालतात.

तड्यांपेक्षा मला क्लोराइडची (मिठातल्या घटकाची) भीती जास्त वाटते. ते सळईपर्यंत पोचलं, की गंज फुगतो आणि काँक्रीट आतून फुटतं.