मदत हवी आहे : नाशिकहून दोन दिवसांचे महेश्वर आणि आईसाठी महेश्वरी नऊवारी

नमस्कार.

डिसेंबरमधल्या एखाद्या शनिवार-रविवारी मी, माझे यजमान आणि ७२ वर्षांची माझी आई असे तिघे स्वतःच्या मोटारीने नाशिकहून महेश्वरला जाण्याच्या विचारात आहोत. अहिल्याबाईंची गादी पाहावी आणि नर्मदेच्या घाटावर कोणी उठवणार नाही असे तासभर बसावे, एवढीच आईची इच्छा आहे. मात्र तिला नऊवारीच लागते आणि ‘महेश्वरी’ ती महेश्वरातच जाऊन घ्यायची, असे तिने ठरवून टाकले आहे.

चांदवड, धुळे, शिरपूर, सेंधवा असे मुंबई-आग्रा रस्त्याने जाऊन खलघाटला नर्मदा ओलांडायची आणि धामनोदहून महेश्वरकडे वळायचे, असा मार्ग आम्ही काढला आहे. हे अंतर साधारण साडेतीनशे किलोमीटर भरते. शनिवारी पहाटे निघून रविवारी रात्री घरी परतायचे आहे. एवढे लांब जात आहोत तर मांडू आणि ओंकारेश्वरही करून यावे, असे यजमानांचे म्हणणे आहे, परंतु आईच्या गुडघ्यांकडे पाहता मला ते झेपेलसे वाटत नाही. दोन्हींपैकी एक ठेवायचे झाल्यास कोणते ठेवावे?

खरी अडचण साडीची आहे. येवला आम्हाला जवळ असल्याने पैठणी उलटून मागची बाजू कशी पाहायची, हे आईला चांगले कळते. महेश्वरीच्या बाबतीत मात्र आम्ही एकदा फसलो आहोत. एका प्रदर्शनात हातमागाची म्हणून घेतलेली साडी यंत्रमागाची निघाली आणि दोन धुण्यांतच तिची रया गेली. त्यामुळे हातमागाची महेश्वरी नेमकी कशी ओळखावी आणि नऊवारी तयार मिळते की आधी सांगून विणून घ्यावी लागते, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

प्रतिसाद

ओंकारेश्वर या वेळी निःसंकोच सोडून द्या. महेश्वरहून ते साठ-पासष्ट किलोमीटर पूर्वेला आहे, म्हणजे तुमच्या परतीच्या वाटेच्या बरोबर उलट दिशेला, आणि तिथल्या गर्दीत व पायऱ्यांवर आईंची परीक्षाच होईल. मांडू चाळीस किलोमीटरांवर असले तरी जहाज महाल, होशंगशाहाची कबर आणि रूपमतीचा मंडप एकमेकांपासून दूर असल्यामुळे अर्धा दिवस हमखास जातो. एकच ठेवायचे तर मी मांडू म्हणेन, पण तेही तिसरा दिवस हाताशी असेल तरच. दोन दिवसांत महेश्वर नीट पाहून होते आणि ते घाईने पाहण्याचे गाव नाही.

पहाटे लवकर निघालात तर चांदवडला होळकरांचा रंगमहाल वाटेतच आहे, परंतु तिथे फार वेळ घालवू नका. सेंधव्याच्या अलीकडे बिजासनच्या घाटात मालमोटारींची रांग लागली की तास-दीड तास सहज जातो, तेव्हा तो घाट उजेडी पार करण्याच्या हिशेबाने निघावे. परतताना तर हे अधिकच पाळावे.

राजवाडा रविवारी सकाळी पाहा. अहिल्याबाईंची गादी आणि पालखी तिथे आहेतच, शिवाय मातीची पार्थिव शिवलिंगे करून, त्यांची पूजा करून ती नर्मदेत विसर्जित करण्याचा त्यांच्या काळापासूनचा नेम आजही सकाळी चालतो. माझ्या मते सबंध गावात पाहण्यासारखे याहून मोठे काही नाही. खाली अहिल्येश्वर मंदिर आणि त्यासमोर विठोजी होळकरांची छत्री आहे. हे तेच विठोजी, ज्यांना १८०१ मध्ये दुसऱ्या बाजीरावाच्या हुकमाने पुण्यात हत्तीच्या पायी दिले गेले. छत्रीवरचे दगडी नक्षीकाम सावकाश पाहावे, कारण किल्ल्याच्या आणि मंदिरांच्या भिंतींवरच्या अशाच आकृत्या पुढे साडीच्या काठांत उतरलेल्या दिसतात.

आता साडीविषयी. पारंपरिक महेश्वरीचा काठ दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, त्याला ‘बुगडी’ म्हणतात, आणि पदरावर पाच पट्टे असतात, तीन रंगीत व दोन पांढरे. मात्र एवढी नक्कल यंत्रमागावरही होते, म्हणून केवळ नक्षीवर विसंबू नये. दोन्ही किनारी बोटांनी चाचपून पाहाव्यात. मागावर कापड ताणून धरणाऱ्या टाचण्यांची बारीक भोके तिथे ठरावीक अंतराने दिसतात आणि विणीत कुठे कुठे किंचित दाट-विरळपणा आढळतो. ताणा (उभे धागे) रेशमी व बाणा (आडवे धागे) सुती असेल तर तिला नीमरेशमी म्हणतात. रेशमाबद्दल शंका वाटली तर सुटा धागा मागून जाळून पाहावा. केस जळल्यासारखा वास येऊन राख बोटांत चुरगळली तर रेशीम, आणि वितळून गोळी झाली तर कृत्रिम धागा.

महेश्वरी साड्या मुळात नऊवारीच विणल्या जात, पण मला दुकानांत जवळपास सर्वत्र सहावारीच दिसल्या. ताणा एकदा चढवला की त्यावर लागोपाठ अनेक साड्या विणल्या जातात, त्यामुळे ऐन वेळी जाऊन लांबी वाढवून मिळत नाही. महिनाभर आधी दूरध्वनीवरून लांबी आणि पन्हा (रुंदी) दोन्ही सांगून मागणी नोंदवावी. १९७०च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातल्या मंडळींनी सुरू केलेल्या रेहवा संस्थेचे माग किल्ल्यालगतच आहेत. तिथे प्रत्यक्ष विणकाम पाहिल्यानंतर मग गावात खरेदीला निघालात तर नजर तयार झालेली असेल.

धागाकर्तीचा प्रतिसाद

मनःपूर्वक आभार. मांडू आणि ओंकारेश्वर दोन्ही रद्द केले असून यजमान थोडे रुसले आहेत. साडीची मागणी उद्याच नोंदवते. आता एवढेच कोणी सांगावे, की किल्ल्यावरून घाटावर उतरणाऱ्या पायऱ्या टाळून मोटार नदीकाठापर्यंत नेता येते का, की आईसाठी एखादी खुर्ची उचलून न्यावी लागेल?