मदत हवी आहे: पक्षात जायचंय, पण कुणाचा माणूस म्हणून नाही
आम्ही तासगाव तालुक्यातले, आज्जापासून घर एकाच पक्षाचं, दारावरचा चिन्हाचा स्टिकर उन्हानं पांढरा पडलाय तरी अण्णा काढू देत नाहीत. मला सभासद व्हायचंय ते टेंभू उपसा सिंचन योजनेच्या पाण्याचा प्रश्न आत मांडायला. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, तिथं गटच चालतो, पण झेडपी आणि पंचायत समितीला तिकीट पक्षाचं, मग बोलायचं तर आत जायलाच लागतंय ना? परवा बैठकीत पाण्याचं विचारलं तर एक पदाधिकारी म्हणाला, "तू नक्की कुणाकडचा?" लय लागलं मनाला. नेत्याच्या मागं न फिरता पक्षात काम केलेल्यांनी सांगा, सुरुवात बूथपासून करू का? आणि उद्या पक्ष बदलावासा वाटला तर अण्णांना कसं सांगू?