व्हिसासाठी कागद साक्षांकित करायचेत: भाषांतर आधी, अपोस्टिल आधी, की सत्यप्रत?

शंकासुर

यादी समोर आहे आणि प्रत्येक ओळीत वेगळा शब्द आहे. जन्मदाखल्यापुढे 'सर्टिफाइड कॉपी', पदवीपुढे 'अपोस्टिल', विवाहदाखल्यापुढे 'भाषांतरासह', पासपोर्टपुढे नुसतं 'ट्रू कॉपी'. ही एकाच कामाची चार नावं आहेत की चार वेगळी कामं? भाषांतर आधी करायचं की अपोस्टिल? पदवीचा मूळ कागद हातचा सोडायचा नाही, तर झेरॉक्सवर अपोस्टिल मिळतं का? दाखले ज्या देशात निघाले तिथे आता राहणं नाही. मग सध्याच्या देशातल्या आपल्या वकिलातीतून काम होईल का? शिवाय विवाहदाखल्यावर आडनाव आधी आहे, पासपोर्टवर शेवटी. याने अडतं का?

गोलशिक्का

चार वेगळी कामं आहेत. प्रत्येक शिक्का वेगळ्या गोष्टीची हमी देतो, हे एकदा लक्षात आलं की निम्मा गोंधळ संपतो.

सत्यप्रत म्हणजे 'ही झेरॉक्स मुळाबरहुकूम आहे' एवढीच हमी. मूळ कागद खरा की खोटा, याबद्दल तो शिक्का काही बोलत नाही. नोटरीचा शिक्का सत्यप्रतीवरही असतो आणि प्रतिज्ञापत्रावरही, पण प्रतिज्ञापत्रावर तो फक्त 'या माणसाने माझ्यासमोर सही केली' एवढंच सांगतो. अपोस्टिल म्हणजे १९६१च्या हेग करारातल्या देशांनी एकमेकांचे सरकारी कागद मानावेत म्हणून कागदावर लावलेला दाखला. तो सांगतो की कागदावरची सही खरी आहे, सही करणारा त्या पदावर होता आणि शिक्का त्याच कार्यालयाचा आहे. मजकुराची हमी अपोस्टिलही देत नाही. भाषांतराचा दाखला फक्त भाषांतराबद्दल असतो.

आता यादीतला सगळ्यात फसवा शब्द: जन्मदाखल्याची 'सर्टिफाइड कॉपी'. याचे दोन अर्थ होतात. एक, तुमच्याकडच्या दाखल्याची झेरॉक्स काढून कुणी अधिकाऱ्याने किंवा नोटरीने ती साक्षांकित केली. दोन, जन्मनोंदणी कार्यालयाने स्वतःच्या नोंदवहीतून काढून, सही-शिक्क्यानिशी दिलेला उतारा. अमेरिकेत जन्मदाखल्याबाबत हा शब्द जवळजवळ नेहमी दुसऱ्या अर्थाने येतो, आणि तिथल्या अनेक राज्यांत नोटरीला जन्मदाखल्याची प्रत साक्षांकित करायची परवानगीच नाही. म्हणून शंका असेल तर नोंदणी कार्यालयाचा ताजा उताराच घ्या. तो दोन्ही अर्थांनी चालतो. घेताना आईवडिलांची नावं असलेला पूर्ण उतारा मागा, कारण त्रोटक उताऱ्यावर बऱ्याचदा फक्त नाव, तारीख आणि ठिकाण असतं आणि कुटुंबाच्या व्हिसाला तो पुरत नाही.

वकिलातीबद्दल: नाही. अपोस्टिल देतो तो कागद जिथे निघाला तो देश, तुम्ही राहता तो नव्हे. वकिलात अपोस्टिल देत नाही. उलट वकिलातीने स्वतः तयार केलेले कागद १९६१च्या हेग कराराच्या पहिल्याच कलमाने कराराबाहेर ठेवले आहेत, त्यामुळे त्यांच्यावर अपोस्टिल होतही नाही. तुमचे दाखले मूळ देशातल्या अधिकाऱ्याकडेच जायला हवेत, टपालाने किंवा अधिकारपत्र दिलेल्या माणसाकरवी.

उभा_आडवा

सरळ सगळ्याच कागदांना अपोस्टिल करून टाका. कमी पडून अर्ज परत येण्यापेक्षा जास्तीचं केलेलं बरं.

गोलशिक्का

@उभा_आडवा, इथे मात्र असहमत. अपोस्टिलचा चिकटपट्टा किंवा जोडपान मूळ कागदावर कायमचं बसतं, काढता येत नाही. उद्या तीच पदवी हेग कराराबाहेरच्या देशात न्यायची वेळ आली तर तिथली एकामागून एक शिक्क्यांची वेगळी साखळी त्याच कागदावर चढवावी लागते, आणि जागा उरलेली नसते. शिवाय ऑनलाइन अर्ज घेणाऱ्या पुष्कळ ठिकाणी, ऑस्ट्रेलिया हे ठळक उदाहरण, बहुतेक कागदांना मुळाचा स्वच्छ रंगीत स्कॅन पुरतो. यादीत जिथे अपोस्टिल लिहिलंय तिथेच करा.

साखळीबंद

अपोस्टिलकडे जाण्याआधी दोन्ही देश करारात आहेत का ते बघा, आणि ते हा करार सांभाळणाऱ्या हेग परिषदेच्या स्वतःच्या सदस्य-तक्त्यात बघा. जुन्या मार्गदर्शक पानांवर विसंबू नका. सौदी अरेबियात करार ७ डिसेंबर २०२२ला लागू झाला, चीनमध्ये ७ नोव्हेंबर २०२३ला, कॅनडात ११ जानेवारी २०२४ला. त्याआधी लिहिलेली पानं अजूनही 'दूतावासाचा शिक्का लागेल' असं सांगत फिरताहेत.

तक्त्यात आणखी एक रकाना असतो, त्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं: आक्षेपांचा. नवा देश करारात आला की जुन्या सदस्याला त्याच्यापुरता आक्षेप घेता येतो, आणि मग दोघेही सदस्य असूनही त्या दोघांमध्ये करार चालत नाही. अपोस्टिल नियमाप्रमाणे झालेलं असूनही समोरचं कार्यालय घेत नाही, तेव्हा आधी हा रकाना तपासा.

करार लागू नसेल तर साखळी लागते. नोटरी किंवा संस्था, मग राज्य किंवा संबंधित मंत्रालय, मग परराष्ट्र खातं, आणि शेवटी ज्या देशात जायचं त्याचा दूतावास. यात प्रत्येक पायरीवरचा माणूस फक्त आपल्या आधीची सही ओळखतो. एक पायरी गाळली तर पुढचा कागद परत करतो, आणि त्याची वागणूक चुकीची नसते. त्याच्याकडच्या नमुन्यांत ती सहीच नसते.

हेच कारण जुन्या दाखल्यांना नडतं. वीस वर्षांपूर्वीच्या दाखल्यावर सही करणारा अधिकारी कधीच निवृत्त झालेला असतो आणि त्याच्या सहीचा नमुना अपोस्टिल कार्यालयात नसतो. भांडण्यात अर्थ नाही. संस्थेकडून आजच्या अधिकाऱ्याच्या सहीची नवी प्रत काढा.

कागद हातात आला की अपोस्टिल वाचून घ्या. त्यात दहा क्रमांकित नोंदी असतात. दुसरी नोंद सही कुणाची, तिसरी त्याचं पद, चौथी शिक्का कुणाचा. या तीन नोंदी तुमच्या कागदाशी जुळतात का, ते खिडकीवरच बघा. आठव्या नोंदीतला क्रमांक वेगळा टिपून ठेवा, कारण पडताळणी त्यावरून होते.

शंकासुर

म्हणजे पदवीच्या झेरॉक्सवर अपोस्टिल केलं तर तिथे दुसऱ्या नोंदीत विद्यापीठाच्या अधिकाऱ्याचं नाव येणार नाही?

साखळीबंद

बरोबर पकडलंत. नाव नोटरीचं येईल, कारण त्या प्रतीवर मूळ सही फक्त त्याचीच आहे. विद्यापीठाच्या सहीबद्दल ते अपोस्टिल गप्प आहे. काही कार्यालयं एवढ्यावर समाधानी असतात, काही 'मूळ पदवीवरच हवं' म्हणतात. यादीत 'ऑन द ओरिजिनल' असे शब्द आहेत का पाहा. नसतील तर लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. मूळ द्यायचं नसेल तर मधला मार्ग असा: विद्यापीठाकडून पदवीची दुय्यम प्रत किंवा पदवी मिळाल्याचं सही-शिक्क्याचं पत्र घ्यायचं आणि त्यावर अपोस्टिल करायचं. सही विद्यापीठाची राहते आणि मूळ पदवी घरात.

आणि कृपा करून लॅमिनेट केलेली पदवी नेऊ नका. प्लॅस्टिकखाली शाई आणि उठावाचा शिक्का तपासता येत नाही, वर चिकटवलेलं काही टिकतही नाही. लॅमिनेशन सोलायला गेलात तर शाई त्याच्याबरोबर येते. त्यातही नवी प्रत काढणं हाच उपाय.

दुभाषी

भाषांतराच्या क्रमाबद्दल. साधारण नियम: आधी मूळ कागदावर अपोस्टिल, मग अपोस्टिलसकट सगळ्याचं भाषांतर. उलट केलंत तर भाषांतरात अपोस्टिल येत नाही आणि वाचणाऱ्याला परक्या भाषेतला एक चौकोन तसाच दिसत राहतो. अपवाद आहे: काही देश भाषांतरावरही वेगळं अपोस्टिल मागतात. तिथे भाषांतरकार नोटरीसमोर सही करतो आणि त्या नोटरीच्या सहीला अपोस्टिल होतं. म्हणजे एका कागदामागे दोन.

कुणाचं भाषांतर चालेल हे जाण्याच्या देशावर आहे. जर्मनीत न्यायालयापुढे शपथ घेतलेला, फ्रान्समध्ये न्यायालयाच्या यादीतला, स्पेनमध्ये परराष्ट्र मंत्रालयाने नेमलेला भाषांतरकार लागतो. ब्रिटनमध्ये अशी शपथबद्ध व्यवस्था नाही. तिथे भाषांतर अचूक असल्याचं विधान, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही आणि संपर्क एवढं असावं लागतं. अमेरिकेत भाषांतर पूर्ण व अचूक आहे आणि आपण ते करायला सक्षम आहोत, अशी दोन्ही विधानं भाषांतरकाराने करायची असतात. यातलं दुसरं विधान हमखास राहून जातं. कॅनडात मान्यताप्राप्त भाषांतरकार नसेल तर शपथपत्र जोडावं लागतं, आणि अर्जदाराने किंवा घरच्यांनी केलेलं भाषांतर अजिबात चालत नाही. घरच्यांत आत्या, मामा, भाचे, सख्खी चुलत भावंडं सगळी आली, आणि त्यांतलं कुणी व्यवसायाने भाषांतरकार असलं तरी.

भाषांतर हाती आलं की हे तपासा. नावाचं स्पेलिंग पासपोर्टातलं आहे ना, भाषांतरकाराच्या कानाला वाटलं ते नाही ना. ०४/०७ अशी तारीख महिन्याचं नाव अक्षरात लिहून दिली आहे ना, नाहीतर एप्रिलचा जुलै होतो. शिक्क्यातला मजकूर, हाताने लिहिलेले शेरे, मागच्या बाजूच्या ओळी सगळ्यांचं भाषांतर हवं. न वाचता येणाऱ्या जागी 'अवाच्य' असं लिहायचं, अंदाजाने भरायचं नाही. गुणपत्रिकेतले गुण किंवा श्रेणी तिकडच्या पद्धतीत बदलून देणाऱ्याचं भाषांतर परत पाठवा. ते काम मूल्यांकन संस्थेचं.

गोलशिक्का

नावाचा प्रश्न राहिला होता. नुसता क्रम उलटा असेल आणि सगळे भाग जुळत असतील तर सहसा अडत नाही. अर्जात इतर नावांसाठी रकाना असतो, तिथे दाखल्यावरचं रूप जसंच्या तसं भरा. मधलं नाव गायब, स्पेलिंग वेगळं, लग्नाआधीचं आडनाव असा फरक असेल तर मात्र दाखला दुरुस्त करून घेणं सगळ्यात भक्कम. 'दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र हा दुसरा पर्याय. त्याने फरकाचा खुलासा होतो, नोंद बदलत नाही. काहीही करा, पण अपोस्टिलच्या आधी. दुरुस्त दाखला हा नवा कागद असतो, त्यामुळे अपोस्टिल आणि भाषांतर दोन्ही पुन्हा करावी लागतात.

सत्यप्रती सगळ्यात शेवटी काढायच्या, म्हणजे अपोस्टिलचं पान त्यात येतं. साक्षांकन करणारा नातेवाईक किंवा तुमचा व्हिसा एजंट नसावा. त्याने मूळ आणि प्रत शेजारी ठेवून बघायला हवं, म्हणून दोन्ही घेऊन जा. नुसत्या गोल शिक्क्यावर भागवू नका. कॅनडाच्या यादीत काय हवं ते स्पष्ट दिलेलं आहे आणि इतरत्रही तोच साचा चालून जातो: 'ही मूळ कागदाची खरी प्रत आहे' असं वाक्य, मूळ कागदाचं नाव, तारीख, सही करणाऱ्याचं नाव, त्याचं पद आणि सही. कागद सहा पानी असेल तर प्रत्येक पानावर आद्याक्षरं आणि १/६, २/६ असे क्रमांक टाकून घ्या.

मग जे बांधून मिळेल ते सोडायचं नाही. स्कॅनरवर सपाट बसावं म्हणून लोक नोटरीची पिन किंवा फीत काढतात आणि पुन्हा टोचतात. दुहेरी भोकं दिसली की पान बदलल्याचा संशय येतो आणि तो संच बाद होऊ शकतो. कोपरा दुमडून स्कॅन करा, थोडी सावली आली तरी चालते.

उभा_आडवा

बरं, सगळ्याला अपोस्टिलचा सल्ला मागे. मुदतीचं काय? अपोस्टिल किती महिने चालतं?

साखळीबंद

करारात अपोस्टिलला मुदतच नाही. मुदत असते ती खालच्या कागदाला. पोलीस दाखला, अविवाहित असल्याचा दाखला, बँकेची पत्रं यांचं वय समोरचं कार्यालय मोजतं. म्हणून जन्म, विवाह, पदवी यांची कामं आधी उरका आणि पोलीस दाखला शेवटी काढा. तो कुणी दिलाय त्यावर अपोस्टिल कुठे करायचं हेही बदलतं. अमेरिकेत एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेच्या गुन्हे-नोंदीच्या अहवालाला केंद्राचं परराष्ट्र खातं अपोस्टिल देतं, तर राज्याच्या जन्मदाखल्याला त्या राज्याचं कार्यालय. चुकीच्या खिडकीवर पाठवलं की आठवडे तिथेच जातात.

शंकासुर

एक शेवटचं. विवाहदाखला डिजिटल सहीची पीडीएफ म्हणून मिळालाय. छापून त्यावर नोटरी करून घेऊ का?

गोलशिक्का

छापलात की डिजिटल सही गेली. कागदावर उरतं ते तिचं चित्र. फाइल घेणारं कार्यालय असेल तर मूळ फाइलच अपलोड करा. दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून पुन्हा सेव्ह करू नका, चार फाइली एकत्र जोडू नका, आकार कमी करायचं साधनही वापरू नका. यांतल्या कशानेही सही तुटू शकते. इ-अपोस्टिल, म्हणजे फाइलच्या रूपातलं अपोस्टिल, मिळालं तर त्यालाही हेच लागू. समोरच्याला कागदच हवा असेल तर नोंदणी कार्यालयाकडून शाईच्या सहीचा उतारा मागा, मग पुढचं सगळं वर लिहिलंय तसं.

कागदी दाखले स्कॅन करताना ३०० डीपीआय, रंगीत, मागची बाजूसुद्धा, आणि एका दाखल्याची सगळी पानं एकाच फाइलमध्ये. पासवर्ड नको. उठावाचा शिक्का स्कॅनमध्ये उमटत नाही. कागदाला तिरपा उजेड देऊन एक फोटो काढा आणि तो त्याच फाइलचं शेवटचं पान म्हणून जोडा.