दिवसभर करंट नाही, फ्रीजमधलं कसं टिकवायचं?

वडगाव, बेळगाव. रविवारी हेस्कॉमचं (इथली वीज कंपनी) दुरुस्तीचं काम आहे, सकाळी ९ ते संध्याकाळी ५ करंट बंद. फ्रीज २५० लिटर, दोन दारांचा, फ्रॉस्ट फ्री (आत बर्फ साचू न देणारा). आत दूध, डोशाचं पीठ, वर गोठवलेलं मटण आणि आईचं इन्सुलिन. ८५० व्हीएच्या इन्व्हर्टरवर फ्रीज चालवावा का?

प्रतिसाद १
नको. चालू फ्रीज १००-१५० वॅटच घेतो, पण कॉम्प्रेसर उठताना कित्येक पट ओढतो. इन्व्हर्टर ट्रिप होऊ शकतो. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा (घरच्या करंटसारखी गुळगुळीत नव्हे, तर चौकोनी लहरीची वीज देणारा) असेल तर कॉम्प्रेसर नुसता गुरगुरून तापतो.

बर्फावर भागवा. शुक्रवारी रात्रीच लिटरच्या चार बाटल्या साध्या पाण्याच्या आणि दोन मिठाच्या (लिटरला १०० ग्रॅम) फ्रीजरला लावा. गळ्याखाली चार बोटं रिकामी सोडा, गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं. मिठाचा बर्फ शून्याच्या खालीच वितळतो, म्हणून त्या बाटल्या मटणाला चिकटून. साध्या बर्फाशेजारी मटण सुटायला लागतं.

फ्रॉस्ट फ्रीमध्ये थंडी खाली ढकलतो तो पंखा. करंट गेला की तोही बंद, मग फ्रीजर गच्च आणि खाली दूध कोमट! त्यामुळे पावणेनऊला साध्या बाटल्या खालच्या कप्प्यात, वरच्या फळीवर मांडा, गार हवा खाली उतरते. मग पाचपर्यंत दार उघडायचं नाही. नुसता बंद फ्रीज चारेक तासच धरतो.

प्रतिसाद २
इन्सुलिन बाटल्यांपासून लांब, खालच्या फळीवर, डब्यात. गोठलं तर ते वापरायचंच नाही, परत पातळ झालं तरी. दूध शनिवारी रात्री तापवून, गार करून ठेवा. पीठ फार तर आंबेल. शिळ्या भाताचा मात्र मोह नको, त्यातलं विष परत गरम करूनही जात नाही.

आणि ९ वाजता फ्रीजचा प्लग काढा. करंट येताना व्होल्टेज वरखाली होतं. आल्यावर पाच-दहा मिनिटांनी लावा. टाइम डिलेचा (करंट आल्यावर थोडा थांबून सोडणारा) स्टॅबिलायझर असेल तर तो हे स्वतःच करतो.

विचारणारे
मटण थोडं मऊ पडलं तर परत गोठवावं?

प्रतिसाद १
आत बर्फाचे कण लागत असतील तर चालेल, चव थोडी उतरते. कण नसतील पण हाताला फ्रीजसारखं गार असेल, तर त्याच रात्री रस्सा करा. गार नसेल तर टाकून द्या, वास घेत बसू नका.