स्वस्तातल्या पॉइंट टू-टू बोल्ट रायफलवर मेहनत घ्यावी की ती विकून टाकावी?

पन्नासमीटर (धागाकर्ता)

मंडळी,

गेलं वर्षभर मी एक साधी बोल्ट-ॲक्शन (दर गोळीला हाताने बोल्ट ओढायची) पॉइंट टू-टू (.२२ कॅलिबरची) रायफल चालवतोय. प्लॅस्टिकचा स्टॉक (दस्ता), बारीक नळी, ट्रिगर जड आणि खरखरीत. रेंजवर ज्याला विचारावं तो एकच सल्ला देतो: विकून टाका, चांगली घ्या. मला तो पटत नाही, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं की अशा रायफलीत कारखान्याने काटकसर केलेली असते ती मुख्यतः स्टॉक, ट्रिगर आणि फिनिशिंगवर. नळी बऱ्याचदा ठीकठाक असते, फक्त तिला नीट बसू दिलेलं नसतं. माझ्या रायफलीत नळी आणि स्टॉक यांच्यामध्ये कागदाची पट्टी घालून मागे सरकवली, तर पुढच्या टोकापासून चार बोटं आत, डाव्या अंगाला, ती अडकायची. स्लिंग (हाताला अडकवायचा पट्टा) ताणली की प्लॅस्टिक तिथेच नळीला टेकायचं आणि गोळ्या उजवीकडे जायच्या. मी मात्र महिनाभर स्वतःच्या श्वासाला दोष देत होतो! लाकडी दांड्याला सँडपेपर गुंडाळून तेवढी जागा घासली, पट्टी सरळ रिसीव्हरपर्यंत (नळी जिथे बसते त्या मुख्य भागापर्यंत) जायला लागली, आणि झोपून मारताना गोळ्यांचं उजवीकडे पळणं थांबलं. खर्च एका सँडपेपरचा.

दुसरं काम ॲक्शन स्क्रूचं, म्हणजे रिसीव्हर स्टॉकला धरून ठेवणाऱ्या स्क्रूंचं. अंदाजाने पिळायचे सोडून टॉर्क ड्रायव्हरने (किती जोराने पिळलं ते दाखवणाऱ्या) दोन्ही २ न्यूटन-मीटरच्या आसपास आणले. आता रिसीव्हरखाली इपॉक्सीचं बेडिंग (रिसीव्हर पक्का बसावा म्हणून भरायचा थर) करायचं आहे आणि ट्रिगरचा सिअर (ट्रिगर दाबेपर्यंत फायरिंग पिन अडवून धरणारा भाग) तेलदगडावर घासून गुळगुळीत करायचा आहे. काडतुसं आहेत तीच, हाय व्हेलॉसिटीची. तुमचा अनुभव काय?

जुनाप्रोन

असहमत, आणि कारण सांगतो.

तुम्ही केलंत ते चांगलंच केलंत, पण यापुढचा प्रत्येक रुपया चुकीच्या जागी जाईल. बेडिंग, नवा ट्रिगर, नवा स्टॉक, बोल्टला शिम (पातळ चकती) असं करत करत एक दिवस हिशेब मांडलात तर वापरलेली पण मुळातच टार्गेटसाठी घडवलेली रायफल त्यात आली असती. तिची चेंबर (काडतूस बसतं ती जागा) घट्ट असते, नळी जाड असते, ट्रिगर कारखान्यातूनच हलका आणि स्वच्छ येतो. सैल चेंबर घासून घट्ट होत नाही. तुमच्या रायफलीची मर्यादा तिच्या जन्मातच आहे.

मी स्वतः या वाटेने गेलोय. तीन वर्षं एका रायफलीवर घातली. शेवटी विकली तेव्हा तिच्यावर केलेल्या कामाची किंमत कुणीही दिली नाही.

मोजपट्टी

दोघंही एक गोष्ट गृहीत धरताय: ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांचा पुंजका) कशामुळे पसरतो हे तुम्हाला माहीत आहे असं. ते मोजलंय का?

पॉइंट टू-टूत नवखा माणूस सगळ्यात शेवटी काडतुसाकडे बघतो, आणि तिथेच सगळ्यात जास्त मिळतं. साधं गणित करा. ५० मीटरवर गोळी सुमारे ०.१६ सेकंदात पोचते आणि तेवढ्यात साडेबारा सेंटिमीटर खाली येते. दोन काडतुसांच्या वेगात १० मीटर प्रति सेकंदाचा फरक असेल, तर टार्गेटवर साधारण ८ मिलिमीटरचा वर-खाली फरक तिथेच पडतो. तुम्ही पुतळ्यासारखे स्थिर असलात तरी. हा फरक बेडिंगने जात नाही.

हाय व्हेलॉसिटी आधी बंद करा. ४० ग्रेन वजनाची स्टँडर्ड गोळी सेकंदाला ३२५ मीटरच्या आसपास निघते, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या खालीच राहते. हाय व्हेलॉसिटीची गोळी आवाजाच्या वेगाच्या वर निघते आणि वाटेत ती वेस ओलांडून खाली येते. तिथे ती डळमळते. शिवाय आडव्या वाऱ्यात ती जास्त सरकते. हे ऐकायला उलटं वाटतं, पण वाऱ्याचं सरकणं गोळी वाटेत किती वेळ *गमावते* त्यावर असतं, आणि आवाजाच्या वेगाजवळ हवेचा अडथळा एकदम वाढतो.

तीन-चार ब्रँडची स्टँडर्ड काडतुसं आणा. ब्रँड बदललात की पहिल्या पंधरा-वीस गोळ्या मोजू नका; गोळीवरच्या मेणाचा नवा थर नळीत बसायला तेवढ्या लागतात. आणि तीन गोळ्यांचे ग्रुप दाखवू नका. त्याच रायफलीचा दहा गोळ्यांचा ग्रुप सरासरीने तीनच्या दीडपटीहून मोठा येतो. तीनच्या ग्रुपवर निर्णय घेणारा माणूस नशिबाला सुधारणा समजतो.

जुनाप्रोन

मोजपट्टी, काडतुसांबद्दल पूर्ण सहमत. पण महाग काडतूस सैल चेंबरमध्ये घालून काय साधणार?

मोजपट्टी

तेच तर बघायचं आहे, आणि त्यासाठी आकडा आहे. ५० मीटरच्या आंतरराष्ट्रीय टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, गोळी ५.६ मिलिमीटरची, आणि गोळीची कड वर्तुळाला टेकली तरी दहा. म्हणजे गोळीचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिलिमीटरच्या आत असला की पुरे. रेस्टवरून (रायफल टेकवायच्या आधारावरून) दहा-दहा गोळ्यांचे ग्रुप मध्य ते मध्य १६ मिलिमीटरच्या आत येत असतील आणि झीरो (साइटचा नेम) बरोबर असेल, तर जवळपास प्रत्येक गोळी दहात जायला हवी. तशी ती रायफल विकायचं कारण काय? आणि सगळी काडतुसं करूनही ३० मिलिमीटर येत असतील, तर तुमचं बरोबर, विकावी. मत नंतर, आधी कागद.

तेलपाणी

इतक्या चर्चेत धाग्यातली सगळ्यात गंभीर गोष्ट मागे पडली, म्हणून लिहितोय.

पन्नासमीटर, सिअर घासू नका. कळकळीने सांगतो. या भागाचा पृष्ठभाग कडक केलेला असतो, पण तो थर पातळ असतो. तेलदगडाने तो गेला की खाली मऊ पोलाद. पहिले काही दिवस ट्रिगर लोण्यासारखा लागतो, मग झीज सुरू होते आणि एके दिवशी बोल्ट बंद करताना रायफल आपोआप सुटते. माझ्या शेजारच्या लेनमध्ये हे घडलंय. गोळी समोरच्या मातीत गेली, कुणाला लागलं नाही, कारण त्या माणसाने नळी सतत समोर ठेवली होती. त्याचा चेहरा मी विसरलो नाही.

ट्रिगरला ॲडजस्टमेंटचा स्क्रू असेल तर कंपनीने दिलेल्या मर्यादेतच फिरवा. नसेल तर त्या मॉडेलसाठी बनवलेली स्प्रिंग किंवा अख्खा ट्रिगर परवानाधारक गनस्मिथकडून बसवून घ्या. नंतर रिकाम्या रायफलीवर तपासा: चेंबर डोळ्याने आणि बोटाने रिकामी बघा, बोल्ट दहा वेळा जोरात बंद करा, कॉक केलेल्या रायफलीच्या दस्त्यावर रबरी हातोडीने सगळीकडून थापा. फायरिंग पिन एकदाही सुटली तर ती रायफल रेंजवर नेऊ नका. सराव म्हणून रिकामा ट्रिगर दाबणार असाल तर स्नॅप कॅप (खोटं काडतूस) वापरा. बऱ्याच रिमफायरमध्ये (पॉइंट टू-टूसारख्या, काडतुसाच्या काठावर पिन आदळते अशा रायफलींत) पिन थेट चेंबरच्या काठावर आदळून तिथे खाच पाडते.

आणि साफसफाई. नळी घासून घासून लोक खराब करतात, चेंबर मात्र तशीच राहते. चेंबरच्या पुढच्या तोंडाशी, केसची कड संपते तिथे, कार्बनचं कडं साठतं. ग्रुप हळूहळू उघडायला लागले की आधी ते बघा. रॉड चेंबरच्या बाजूने, बोअर गाइड (रॉड नळीत सरळ ठेवणारी नळी) लावून. क्राउनला (नळीच्या पुढच्या तोंडाला) रॉड घासला की केलेलं सगळं पाण्यात.

पन्नासमीटर (धागाकर्ता)

तेलपाणी, मनापासून आभार. सिअरचा विचार सोडला. स्प्रिंगसाठी गनस्मिथकडे जाईन आणि तुम्ही सांगितलेली तपासणी करूनच रायफल बाहेर काढेन.

मोजपट्टी, माझे आतापर्यंतचे सगळे ग्रुप पाचचे आहेत, तेही स्लिंगवर झोपून मारलेले. म्हणजे त्यात रायफल किती आणि मी किती हे मलाच सांगता येणार नाही. आधी रेस्टवर जातो.

जुनाप्रोन, तुमच्या एका मुद्द्यावर मात्र अजून अडतो. त्या तीन वर्षांचा पैसा बुडाला हे मान्य. पण ॲक्शन उघडून परत बसवताना, पट्टी कुठे अडकते ते शोधताना मला रायफल जशी कळली, तशी ती नुसती चालवून कळली नसती.

जुनाप्रोन

ते खरं आहे. माझ्या आताच्या रायफलीचा मागचा स्क्रू ढिला झाला तर मला दुसऱ्या गोळीला कळतं, आणि ते मी त्या जुन्या रायफलीवरच शिकलो. तरीही बेडिंगचा डबा इतक्यात उघडू नका. ते प्लॅस्टिक इपॉक्सी नीट धरत नाही, घासून खाचा पाडाव्या लागतात, आणि रिलीज एजंटची (इपॉक्सी चिकटू नये म्हणून लावायच्या लेपाची) एक जागा सुटली की रिसीव्हर कायमचा चिकटतो. स्टँडर्ड काडतुसांचे दहा-दहाचे पाच ग्रुप मारून इथे आकडे टाका. १६ च्या जवळ आलात तर बेडिंग कसं करायचं ते मीच सांगतो.