देणगीत आलेली जलरंगचित्रे वाचनकक्षात लावावीत का?

प्रश्न: विद्यापीठ ग्रंथालयाला कागदावरची जलरंगचित्रे देणगीत मिळाली आहेत. वाचनकक्षात कायमची लावली तर चालतील?

उत्तर १: कायमची अजिबात नकोत! उजेडाने उडालेला रंग परत येत नाही. चित्रावर ५० लक्सपुरताच (लक्स म्हणजे उजेड मोजायचे एकक) उजेड ठेवा. वाचायला साधारण ३०० लागतो, त्यामुळे वाचनकक्षापेक्षा खिडकी नसलेला बोळ बरा. तीन-चार महिन्यांनी चित्रे बदला.

उत्तर २: शिवाय काच कागदाला टेकू देऊ नका. पावसाळ्यात कागद चिकटतो, बुरशी धरते. मध्ये आम्लमुक्त माउंट (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) हवाच. फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांना रबरी बटणे लावा, म्हणजे भिंतीची ओल चढत नाही.

उत्तर ३: दानपत्र आधी वाचा. चित्र मिळाले तरी स्वामित्वहक्क (कॉपीराइट) आपोआप मिळत नाही. भारतात तो चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, त्यामुळे पोस्टर छापायचे तर वारसांची लेखी परवानगी घ्या.