बराकीतला मे महिना : कैद्यांना कूलर द्यायचा का?

काळा कोट
विदर्भातल्या एका जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करतो. गेल्या मे महिन्यात एका कच्च्या कैद्याला भेटायला जेलात गेलो. दुपारचे अडीच. जाळीपलीकडे येऊन बसला तेव्हा मानेपासून दंडापर्यंत घामोळ्या, खाजवून सोललेल्या. मी जामिनाचं काढलं, तर म्हणतो, "साहेब, रात्री पाणी मिळंल असं काही होते का?" बराकीतलं पिंप दहाच्या आत संपतं. दार उघडतं ते सकाळी.

माझं म्हणणं सरळ आहे. कोर्ट स्वातंत्र्य काढून घेतं, उष्माघात सुनावत नाही. त्यात २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या कैद्यांपैकी ७५.८ टक्के कच्चे, म्हणजे अजून दोषीच ठरलेले नाहीत. १०० जणांच्या जागेत सरासरी १३१ माणसं. उन्हाळ्यापुरते तरी बराकीत कूलर लावावेत. काय वाटतं?

रोखठोक
वाटतं एवढंच, की गुन्हा करा आणि कूलर मिळवा. आमच्या गावच्या आरोग्य केंद्रात बाळंतीण घामाने निथळते, तिथे कूलर नाही. संत्र्याच्या बागेला ओलित करणारा माणूस ४५ डिग्रीत उभा असतो. त्याने कोणाच्या घरात दरोडा घातला होता? आधी रांगेत उभे आहेत त्यांचं बघा.

वऱ्हाडी पाहुणा
रोखठोकभाऊ, ओलितवाला दुपारी निंबाखाली टेकते, मोटारीखाली डोकं धरते, रात्री अंगणात बाज टाकते. कैद्याले यातलं काहीच नाही. दिवसभर तापलेली दगडी भिंत रात्री उष्णता बाहेर टाकते, अन् नेमकी तेव्हाच माणसं आत कोंडलेली असतात. बरं, माणूसही एक शेगडीच आहे. नुसता पडलेला माणूस ७०-८० वॅट उष्णता सोडते. एका बराकीत १०० जण धरा, म्हणजे सात-आठ हीटर रातभर चालू! जुन्या बराकी उंच छताच्या होत्या, बांधणाऱ्याले अक्कल होती. फक्त इतकी माणसं भरतील हे त्याच्या हिशोबात नव्हतं.

ह्यूस्टनकर
इकडचं सांगतो. टेक्सासमध्ये काउंटी जेलचं, म्हणजे आपल्या जिल्हा जेलसारख्या तुरुंगाचं, तापमान ६५ ते ८५ फॅरनहाइटमध्ये (साधारण १८ ते २९ सेल्सियस) ठेवायचा नियम आहे, पण राज्याच्या तुरुंगांना तो लागू नाही. त्यातल्या बहुतेकांत राहण्याच्या भागात एसी नाही. २०११ च्या उन्हाळ्यात निदान १० कैदी उष्म्याने गेले. पॅक युनिट नावाच्या तुरुंगातल्या कैद्यांनी दावा लावला, राज्य काही वर्षं भांडलं, शेवटी २०१८ मध्ये तडजोड होऊन तिथे एसी आला. मार्च २०२५ मध्ये ऑस्टिनच्या फेडरल न्यायाधीशांनी तुरुंगांतला हा उकाडा घटनाबाह्य असल्याचं म्हटलं, पण लगेच एसी लावा असा आदेश काही दिला नाही. मनोविकारावरची काही औषधं घेणाऱ्यांना उष्णता जास्त बाधते, हा मुद्दाही इथे वारंवार येतो. आपल्याकडे तो कोणी काढतं का?

रोखठोक
एवढा पैसा असून त्यांना जमलं नाही, आणि आपण करणार?

खाकीतला मुलगा
वडील जेल शिपाई होते, क्वार्टरमध्ये वाढलो, म्हणून बोलतो. कूलर हा शहरी माणसाचा उपाय आहे. कूलर हवा गार करतो ती पाण्याची वाफ करून. ती दमट हवा दुसऱ्या बाजूने बाहेर गेली नाही तर तासाभरात खोलीची भट्टी होते, भट्टीपेक्षा वाईट, चिकट. कोंबलेल्या बराकीत हेच होणार. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत तर त्याचा उपयोगच नाही. वर पत्रा, वायर, मोटार, पंख्याची पाती आत गेली की त्याचं काय काय होतं ते झडती घेणाऱ्याला विचारा. आणि कैद्यांबद्दल बोलताना मनोऱ्यावरचा शिपाई विसरू नका. तोही त्याच उन्हात असतो, पण त्याच्यावर धागा निघत नाही.

नाव नको
माझ्या भावाला मारणारा आज आत आहे. त्याला उकडतंय हे वाचून मला वाईट वाटलं नाही, खोटं कशाला लिहू. पण एक सांगते. चार वर्षं झाली, तोसुद्धा कच्चाच आहे. साक्षीदार आले तर साहेब रजेवर, साहेब आले तर आरोपीला आणायला गार्ड नाही. तुम्ही पंखे-कूलर मोजताय. मला खटला संपलेला हवाय.

काळा कोट
ताई, तुमच्यापुढे काय बोलू. तारखा पुढे जातात त्यात आम्ही वकीलही असतो, हे कबूल.

खाकीतला, कूलरचं तुमचं पटलं, ती मागणी मागे घेतो. छताला चुना मारा, रात्री पुरेल इतकं पाणी ठेवा, साठीच्या वरचे आणि आजारी कैदी खिडकीकडे घ्या, एवढं तरी होऊ द्या. आणि गर्दी. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ मध्ये पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याला कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढल्यावर सोडायची तरतूद आहे. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ती लागू नाही, म्हणजे ताईंच्या प्रकरणाला धक्का नाही. यात बसणाऱ्यांचे अर्ज जेल अधीक्षकानेच कोर्टाकडे पाठवायचे असतात. मोबाइल चोरीतली पोरं यात किती बसतील बघा. ती बाहेर आली की तेवढ्या शेगड्या कमी.

रोखठोक
पाण्याला माझा विरोध कधीच नव्हता. पाणी तर जनावरालाही ठेवतो आपण. एकाच्या जागी दोन पिंपं ठेवा, कोण नाही म्हणतंय? कूलरला विरोध होता, आहे.

खाकीतला मुलगा
दुसरं पिंप ठेवायचं कुठे, दादा? रिकामी जागा म्हणजे संडासाच्या दाराशी. तिथे रात्री दोघं झोपतात.